आवाज न करणारा कॉम्प्युटर

“पडदो केदो आसा?”

तिसऱ्या दुकानातही आपांनी पहिला प्रश्न हाच विचारला आणि मी कपाळाला हात लावला. घरून निघताना, रिक्षात, एसटीत आणि कुडाळच्या स्टँडवर उतरल्यावर पुन्हा एकदा, असं चार वेळा मी त्यांना बजावलं होतं की पडद्याचं काही विचारू नका. भजनं पडद्यावर रेकॉर्ड होत नाहीत. विचारायचंच असेल तर मेमरी किती ते विचारा, साऊंड कार्ड कुठलं ते विचारा, नाहीतर गप्प बसा, मी बोलते. आपांनी चारही वेळा मान डोलावली होती. माझ्या वडिलांचं हे असंच. होकार द्यायला त्यांनी जन्मात कधी कंजुषी केली नाही, ऐकलं मात्र कुणाचं नाही.

दुकानदार परुळेकर म्हणाले, सतरा इंची. आपांनी सदऱ्याच्या खिशातून मोजायची टेप काढली आणि पडदा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजून बघितला. सुताराची जात, दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवत नाही. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. तोही आधीच्या दोन्ही दुकानांत विचारून झाला होता.

“आणि ह्येच्यार आवाज दिसता मां?”

परुळेकरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजरेनेच सांगितलं, तिकडे लक्ष देऊ नका.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. तेव्हा मी कणकवलीत एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. माझं सासरही तिथलंच, आणि माहेर तिथून रिक्षाने अर्ध्या तासावर. माझे वडील आत्माराम मेस्त्री हे आमच्या भागातले पेटीवाले. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. नवीन करायचे, जुन्या दुरुस्त करायचे, पण त्यांचं खरं नाव होतं ते सूर लावण्यात. पेटीच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्या कानशीने केसभर घासून सूर वर-खाली करायचा असतो. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. किती घासायचं ते कान सांगतो. दुसरं कसलंही माप नाही.

आमच्याकडे डबलबारीची भजनं होतात. दोन बुवा समोरासमोर बसतात, प्रत्येकाची आपापली पेटी, आणि एकाने म्हटलेल्याला दुसऱ्याने भजनातूनच उत्तर द्यायचं. यात समोरच्याची पेटी जराशी जरी बेसूर लागली, तरी दुसरा बुवा चारशे माणसांदेखत तिच्यावरच दोन ओळी जुळवून टाकतो. त्यामुळे गणेशचतुर्थीच्या आधी दोन महिने सगळ्या बुवांच्या पेट्या आमच्या पडवीत यायच्या. मुंगी चालली तरी मेस्त्र्यांना तिचा सूर कळतो, असं लोक म्हणत. आपा ते ऐकून खाली बघत आणि सुपारी कातरत राहत.

त्या वर्षी ज्येष्ठात आपांनी जाहीर केलं की आपण घरात स्टुडिओ काढणार. बुवा लोक सीडी काढायला मुंबईला जातात, हजारो रुपये घालवतात, तर त्यांची भजनं इथेच पडवीलगतच्या खोलीत रेकॉर्ड करायची. त्यासाठी एक कॉम्प्युटर हवा. मी ऐकून हसले. वय सहासष्ट, साधा मोबाइल धड वापरता येत नाही, खोलीच्या मागे आईच्या कोंबड्या, पुढे गोठा. पण आपा हसले नाहीत. मग मला राग आला, कारण चेष्टा नसेल तर हे काम माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होतं. गावात कुणाचा टीव्ही बंद पडला तरी माझी आठवण काढायचे. कॉम्प्युटर म्हणजे तर माझीच जबाबदारी.

मी रीतसर अभ्यास केला. रेकॉर्डिंगला प्रोसेसर कसला लागतो, मेमरी किती हवी, तयार मशीन घ्यावं की जुळवून घ्यावं, हे सगळं दोन रविवार बसून एका वहीत उतरवलं. आपांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरा. पडदो केदो?”

कणकवलीच्या पहिल्या दुकानात त्यांनी पडदा मोजला आणि लहान आहे म्हणून उठून चालायला लागले. दुसऱ्या दुकानात मी लॅपटॉप दाखवायला सांगितला, कारण वीज गेली तरी चालतो. आपांनी तो हातात घेऊन शाळेतल्या पाटीसारखा उलटसुलट केला, डोळे बारीक करून बघितला आणि परत दिला. दुकानदाराने चहा मागवला होता, तो येण्याआधीच आम्ही बाहेर. त्याच्यापुढे मला इतकी शरम वाटली की पुढचे आठ दिवस मी त्या रस्त्याने गेले नाही.

आणि इकडे पडवीत पेट्या साचत होत्या. आषाढ निम्मा सरला तरी चौदा पेट्या तशाच. एरवी या दिवसांत आपा जेवायला उठत नसत. आता पेटी उघडायचे, दोन पट्ट्या वाजवायचे, आणि झाकण लावून पुन्हा माझ्यापाशी कॉम्प्युटरची चौकशी. चिंदरकर बुवांचा माणूस दोनदा येऊन गेला. चिंदरकर म्हणजे आमच्याकडचे नावाजलेले बुवा, तीस वर्षं आपांच्याच हातची पेटी वाजवणारे. त्यांची पेटी चतुर्थीआधी गेली नाही तर आपांचं नाव काय राहणार? मी हे स्पष्ट बोलून दाखवलं. म्हटलं, हातातलं काम टाकून हे भलतं खूळ कसलं? आपा म्हणाले, “कांप्युटर येवंदे. मगे सगळ्ये करतंय.” जणू काही कॉम्प्युटर पेट्या लावणार होता.

आईचं तर विचारूच नका. तिचं आणि आपांचं त्या वर्षी कुकरवरून भांडण चाललं होतं. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून ती पाण्याला विहिरीवर जायची. परत येऊन बघते तर डाळ करपलेली, घरभर वास, आणि आपा पडवीत पेटीपुढे बसलेले. मग तिचा जो सूर लागायचा तो लावायला कानशी लागत नसे. “बहिरे” ही तिची त्या वर्षीची लाडकी शिवी. बहिऱ्याच्या गळ्यात बांधल्यानी माका, अशी सुरुवात करून ती स्वतःच्या बापापर्यंत जाऊन पोचायची. मला त्यात नवल वाटत नसे. स्वयंपाकघरातलं काही ऐकू न येणं हा समस्त पुरुषजातीचाच रोग आहे. माझ्या नवऱ्यालाही दूध उतू गेलेलं दिसत नाही.

माझा चुलतभाऊ दिगू लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावतो. त्याच्याकडे सल्ले फुकट आणि भरपूर असतात, पण त्यातली एक गोष्ट मला पटली. तो म्हणाला, माइक सगळं ऐकतो. कॉम्प्युटरचा पंखा घरघर करत असेल तर ती घरघर भजनात उतरणार. तेव्हा बाकी काही बघू नका, आवाज न करणारा कॉम्प्युटर घ्या. मला एकदम हायसं वाटलं. निवड करायला काहीतरी धरून राहण्यासारखं सापडलं होतं, आणि ते काम आपांच्या कानाइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं. म्हणून आम्ही त्या दिवशी कुडाळला आलो. परुळेकरांचं दुकान मोठं होतं.

आपांच्या टेपकडे दुर्लक्ष करून मी परुळेकरांना काय हवं ते सांगितलं. आषाढात गिऱ्हाईक कुठलं, त्यांनीही हौसेने मनावर घेतलं. तीन मशीनं टेबलाखाली ओळीने मांडली. रस्त्यावरचा आवाज नको म्हणून शटर अर्धं ओढलं, छताचा पंखा बंद केला. आम्ही तिघं घामाने निथळत उभे.

“आपा, आता तुमचं काम,” मी म्हटलं. “यातलं कुठलं गप्प आहे ते सांगा.”

“तूच बघ गो. तुका कळता त्यातला.”

“मला कॉम्प्युटर कळतो. कान तुमचे आहेत.”

आपा थोडा वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं, परक्या दुकानात जमिनीवर बसायचं कसं म्हणून संकोचले असतील. मग पेटीपुढे बसतात तशी मांडी घालून ते बसले. परुळेकरांनी पहिलं मशीन चालू केलं. आपांनी त्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, घरघरता. ते खरं होतं, पंखा जड आवाजात घुमत होता. दुसरंही त्यांनी तसंच हातावेगळं केलं. खर्जातला आवाज आहे म्हणाले.

तिसऱ्याचं बटण दाबलं आणि मी दात आवळले. घरघर नव्हती त्यात, पण एक बारीक, चिरकी शीळ होती. कानाशी डास घोंगावावा तशी, आणि थांबायचं नाव नाही. परुळेकरांनी तोंड वाकडं केलं. मी तर हात पुढे करून बंद करा म्हणणार होते.

आपांचा हात मशीनवर होता. डोळे मिटलेले. ते बराच वेळ तसेच बसले. मग त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

“ह्यो,” ते म्हणाले. “ह्यो बरो. अगदी शांत.”

पहिल्यांदा मला वाटलं, हे माझी थट्टा करतायत. महिनाभर मी यांच्या मागे लागले त्याचं उट्टं काढतायत. आणि मग असा काही संताप आला मला. रजा टाकून मी इथे आले होते, परक्या माणसाच्या दुकानाचं शटर ओढायला लावलं होतं, आणि यांना गंमत सुचत होती. ‘बहिरे झालात की काय’ हे शब्द माझ्या ओठांवर आले. आईची तीच शिवी, तिच्याच सुरात.

तेवढ्यात आपांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. काम चोख झालं की कारागिराच्या तोंडावर असतं तसं समाधान होतं. ओठांवरचे ते शब्द मी तसेच गिळले.

“मेस्त्रीनु, ह्योच तर—” परुळेकर बोलायला लागले.

“हाच द्या,” मी म्हटलं.

“अहो ताई, पण ह्याचा आवाज...”

“हाच. याच्यात जे काय घालायचं ते घालून तयार ठेवा. आम्ही चहा घेऊन येतो.”

परुळेकरांनी आपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शटर वर केलं. शहाणा माणूस. त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही.

समोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. मी भजी मागवली. आपांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बशीकडेच बघत राहिले. मी उगाचच काहीबाही बोलत होते, मशीन हलवायला टेम्पो करू या की रिक्षा, वगैरे.

“बाय,” आपा म्हणाले, “तेचो आवाज येय होतो मां?”

“कसला आवाज?”

“तुका खोटा बोलाक जमना नाय. पयल्या दोघांचो आवाज मी ऐकलंय. तिसऱ्याचो, डोळे उघडल्यार तुझ्या तोंडार बघलंय.”

भजीवाल्याने बशी आणून ठेवली, ती मी त्यांच्यापुढे सरकवली.

“वरचे सूर गेले माझे,” आपा म्हणाले. “वरीस झाला. खालचे आसत. तुझा बोलणा कळता, आयेच्या शिव्ये कळतत. पन पेटयेच्या वरच्या पट्ट्ये वाजतत काय नुसती हवा जाता, माका समजना नाय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. शिमग्यानंतर ते चिंदरकर बुवांबरोबर सीडीच्या कामाला मुंबईला गेले होते, आयत्या वेळी पेटीला काही झालं तर असावं म्हणून. तिसऱ्या भजनाला काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याने थांबवलं आणि सांगितलं की पेटीची वरची एक पट्टी चढली आहे. आपांनी ती वाजवून बघितली. त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. ते तसं म्हणाले. जन्मभर कुणी त्यांच्या शब्दापुढे बोललं नव्हतं, पण त्या माणसाने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर सुराची एक सरळ रेघ होती, आणि आपांनी लावलेला सूर तिच्यापासून बोटभर वर दिसत होता. मंडळीतले दहा जण बघत होते. आपांनी तिथेच पेटी उघडली. पट्टी मुळाशी घासायची, वाजवायची, आणि पडद्याकडे बघायचं. पुन्हा घासायची, पुन्हा बघायचं. अर्ध्या तासाने दोन्ही रेघा एकावर एक बसल्या.

“कानान नाय गो, डोळ्यान लावलंय सूर,” आपा म्हणाले. “पन लागलो.”

बुवांना सगळं कळलं होतं. आपल्या माणसांना त्यांनी दम दिला, आणि मेस्त्र्यांच्या कानाबद्दल गावात कुठे अवाक्षर निघालं नाही. चतुर्थीसाठी पेटी मात्र त्यांनी पहिल्यासारखीच आपांकडे पाठवली. बाकीच्या तेरा जणांनीही पाठवल्या. त्या उघडून आपा बसायचे, खालचे सूर लावायचे, आणि वरच्या पट्ट्यांशी हात थांबायचा. चुकीची लावून द्यायची नाही, आणि जमत नाही म्हणून परतही करायची नाही. कॉम्प्युटर आला की लावू, हे ते मला खरंच सांगत होते. मीच हसत होते.

कानाच्या डॉक्टरकडे का गेला नाहीत, असं मी चिडून विचारलं. गेले होते. कणकवलीत कुणी बघेल म्हणून मालवणला. डॉक्टरने कानात घालायचं यंत्र लावून बघितलं होतं, पण त्यातून डॉक्टरचं बोलणंसुद्धा पत्र्यावर आपटल्यासारखं ऐकू येतं, असं आपा म्हणाले, सूर तर लांबच.

मला रडू येत होतं आणि त्यावर मी नेहमीचा उपाय केला, म्हणजे आणखी चिडले. म्हटलं, आपा, सूर बघायला एवढं धूड कशाला? काडेपेटीएवढं यंत्र मिळतं, त्यात सुई असते, ती सूर बरोबर की चूक दाखवते. मला एका शब्दाने सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवशी आणून दिलं असतं. या प्रोसेसरच्या आणि मेमरीच्या पाठांतराची काय गरज होती?

“आणलंय मी तां,” आपा म्हणाले. “तेची सुई माझ्या डोळ्यांक गावना नाय. म्हणान तर विचारतंय मां कवाधरना, पडदो केदो.”

महिनाभर हा माणूस एकच प्रश्न विचारत होता. दुकानात तेवढा एकच प्रश्न कामाचा होता, आणि मी त्याला गप्प बस म्हणून दटावत होते.

“मग स्टुडिओचं सोंग कशाला?”

“मेस्त्रीन कांप्युटर घेतल्यान म्हटल्यार चार लोक विचारतले, कित्याक. स्टुडिओ म्हटला की माणूस हसता आणि गप रवता.”

त्यांनी चहा संपवला, बशी उपडी घातली. उठताना म्हणाले, “आयेक सांगू नको. ती शिव्ये घालता तोपर्यंत घर बरा आसता. रडाक लागली की माका ऐकवना नाय.”

दुकानात परत आल्यावर परुळेकरांनी मशीन बांधत आणलं होतं. हे बदलून दुसरं घेऊ या का, असं मी आपांना हळूच विचारलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ती शीळ ऐकू येत नव्हती आणि रेकॉर्डिंग तरी कुणाला करायचं होतं? मग मी परुळेकरांना म्हटलं, हा सतरा इंची पडदा राहू दे, तुमच्याकडे असेल त्यातला सगळ्यात मोठा द्या. ते आतून बावीस इंची घेऊन आले. आपांनी खिशात हात घातला, टेप काढली, आणि तो मोजला. बरोबर होता.

घरी पोचायला चार वाजले. खोलीतलं जुनं टेबल आपांनी आधीच रंधा मारून तयार ठेवलं होतं. मी वायरी जोडल्या, माइक लावला, सूर दाखवणारा प्रोग्राम उघडला आणि त्याची रेघ करता येईल तेवढी जाड केली. आपा चिंदरकर बुवांची पेटी घेऊन पुढ्यात बसले. त्यांनी चष्मा पुसला, मशीनवर एकदा तळहात ठेवून ते चालू असल्याची खात्री करून घेतली. शीळ चालूच होती. चार भिंतींच्या खोलीत ती दुकानातल्यापेक्षा जास्तच टोचत होती.

आई मागीलदारी लाकडं रचत होती. ती पदराला हात पुसत आली, अशी आली की आता कॉम्प्युटरचा पंचनामा होणार हे मला कळलं. एवढं मोठं धूड, वीज किती खाणार, टेबल कुणाला विचारून घेतलं, हे सगळं तिच्या तोंडावर तयार दिसत होतं. उंबऱ्यात ती थबकली.

“ही शीळ कसली गो?”

“कसली शीळ?” आपांनी विचारलं. पडद्यावरून नजर न काढता, अगदी सहज.

आईने तोंड उघडलं. ती शिवी तिच्या ओठांपर्यंत आलेली मला दिसली, कारण सकाळीच माझ्या ओठांपर्यंत येऊन गेली होती. मग तिने मशीनकडे बघितलं. ते आपांच्या गुडघ्यापासून वीतभरही लांब नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी माइकची वायर सारखी करायला लागले. पण माझ्या तोंडाला खोटं बोलता येत नाही, हे आपा म्हणाले होते तेच खरं.

आईने पदर खांद्यावर सारखा केला.

“काय नाय,” ती म्हणाली. “कुकर झालो वाटता.” आणि आत गेली.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. गॅसवर कुकर नव्हता. आई ओट्याला टेकून उभी होती, पदराचा बोळा तोंडावर दाबून, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको. तो आवाज बाहेर ऐकू गेला असता की नाही, हे आता आम्हा दोघींनाही नक्की सांगता येत नव्हतं.

“वरीसभर तेंका बहिरे म्हणान शिव्ये घालतंय गो मी,” ती म्हणाली.

बाहेरून पेटीचा वरचा एक सूर आला, लांबच लांब, जरासा चढलेला. मग कानशीचा खसखस आवाज. मग पुन्हा तोच सूर. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून ऐकत होतो. चार-पाच वेळा झाल्यावर तो बरोबर लागला, ते मलाही कळलं. आणि खोलीतून आपांनी मला हाक मारली, “रजनी, बघ गो, रेघ बसली.”

चतुर्थीच्या आधी चौदाही पेट्या गेल्या. एकीवरही कुठल्या बुवाला ओळ जुळवता आली नाही. पुढे सहा वर्षं आपा त्या पडद्यापुढे बसून सूर लावत होते. गावाला वाटायचं मेस्त्र्यांचा स्टुडिओ आहे, आणि तिथे एकही भजन कधी रेकॉर्ड झालं नाही, याबद्दल गाव त्यांना हसायचं. आईही हसायची, बोलायची. विजेच्या बिलावरून, टेबलावर सांडलेल्या पितळेच्या किसावरून, जेवायला उशीर केला म्हणून ती त्यांना पहिल्यासारख्याच शिव्या घालत राहिली, अगदी शेवटपर्यंत. फक्त ती एक शिवी तिने पुन्हा कधी घातली नाही.